एक युरो कितीला पडला? रोम ते झुरिक, अकरा दिवसांचा कार्डांचा हिशेब

पुण्यातलं तिघांचं कुटुंब: आई, वडील आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मे महिन्यात अकरा दिवसांचा प्रवास ठरलेला. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, तिथून रेल्वेनं ल्युसर्न आणि इंटरलाकेन, परतीचं विमान झुरिकहून. विमानाची तिकिटं, हॉटेलं आणि लांबच्या रेल्वेगाड्या यांचे पैसे इथूनच भरून झाले होते. तिथे गेल्यावर करायचा खर्च तेवढा उरला होता. इटलीत कार्डानं १,३०० युरो आणि रोखीनं २०० युरो. स्वित्झर्लंडमध्ये कार्डानं १,५०० फ्रँक (डोंगरावरच्या रेल्वे आणि केबल कार यांचाच वाटा यात मोठा) आणि रोखीनं १०० फ्रँक.

ट्रॅव्हल एजंटाचा सल्ला असा होता: ३,५०० युरोचं फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) करून घ्या, त्यावर मार्कअप (दरावर बँक चढवते ती जादा रक्कम) शून्य आहे, आणि ते स्वित्झर्लंडमध्येही चालतं. शेवटच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही तपासलेल्या पर्यायांत हाच सर्वांत महाग निघाला. बँकेच्या अगदी साध्या क्रेडिट कार्डापेक्षाही महाग. तो का महाग पडतो, हे समजलं की इतर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडला आहे.

हे प्रकरण नमुन्यादाखल रचलेलं आहे. आकडेमोड सोपी जावी म्हणून कार्ड-नेटवर्कचा (व्हिसा, मास्टरकार्ड यांचा) दर १ युरो = १०० रुपये आणि १ फ्रँक = १०७ रुपये असा गोल धरला आहे. शुल्कांची रचना मात्र भारतीय कार्डांवर प्रत्यक्षात असते तशीच आहे. आपल्या कार्डाचे आकडे घालून हाच हिशेब कुणालाही करता येईल.

दर कुठून येतो

गुगलवर दिसतो तो खरेदी आणि विक्री यांच्या मधला दर असतो. त्या दरानं प्रवाशाला चलन मिळत नाही. क्रेडिट किंवा डेबिट कार्ड परदेशात वापरलं की व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपापल्या त्या दिवशीच्या दरानं रक्कम रुपयांत बदलतात. हा दर बाजारातल्या मधल्या दराच्या बराच जवळ असतो. त्यावर आपली बँक मार्कअप लावते आणि मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या कार्डांवर मार्कअप बहुधा ३.५ टक्के असतो, म्हणजे करासह ४.१३ टक्के. वरच्या श्रेणीच्या अनेक कार्डांवर तो २ टक्के, म्हणजे करासह २.३६ टक्के. काही कार्डांवर शून्य.

फॉरेक्स कार्डाचं गणित वेगळ्या जागी घडतं. तिथे खरेदीच्या वेळी मार्कअप नसतो, कारण युरो आपण आधीच विकत घेतलेले असतात. मार्कअप त्या विक्रीच्या दरातच असतो. नेटवर्कचा दर १०० असताना बँक किंवा मनीचेंजर कार्डात युरो भरताना १०२ लावत असेल, तर ते दोन रुपये म्हणजे मार्कअपच. पावतीवर तो शब्द येत नाही, एवढाच फरक.

म्हणून टक्के बाजूला ठेवावेत आणि एकच प्रश्न विचारावा: एक युरो कितीला पडला? खिशातून गेलेले सगळे रुपये, शुल्कं आणि कर धरून, भागिले हातात आलेले युरो. बाकीचे सगळे शब्द याच आकड्यात विरघळतात.

एजंटाचा बेत मांडून पाहू

३,५०० युरो × १०२ = ३,५७,००० रुपये. चलनबदलावर स्वतंत्र जीएसटी आहे आणि त्याची पद्धत टप्प्यांची आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात करपात्र मूल्य रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये. एक ते दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक एक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का. या मूल्यावर १८ टक्के. इथे मूल्य १,००० + १,२८५ = २,२८५ रुपये, म्हणून कर ४११ रुपये. कार्ड देण्याचं शुल्क ३०० रुपये आणि त्यावरचा कर मिळून ३५४. एकूण ३,५७,७६५ रुपये. एक युरो १०२.२२ रुपयांना पडला.

इटलीपुरतं हे ठीक आहे. २ टक्के मार्कअपच्या क्रेडिट कार्डावर तोच युरो १०२.३६ ला पडतो, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. खरी गळती सीमा ओलांडल्यावर सुरू होते.

स्वित्झर्लंड युरो वापरत नाही. युरोनं भरलेलं कार्ड तिथे चालतं, पण दर वेळी फ्रँकच्या बिलासाठी कार्डातले युरो फ्रँकमध्ये बदलले जातात. त्याला क्रॉस करन्सी शुल्क म्हणतात आणि तेही बहुधा ३.५ टक्क्यांच्या आसपास, वर जीएसटी. १०० फ्रँकचं बिल म्हणजे नेटवर्कच्या दरानं १०७ युरो. त्यावर ४.१३ टक्के धरले की कार्डातून १११.४२ युरो जातात. त्यातला प्रत्येक युरो आधीच १०२.२२ ला घेतलेला. म्हणजे १०० फ्रँक ११,३८९ रुपयांना पडले, एक फ्रँक ११३.८९ ला.

पाकिटातल्या सर्वांत साध्या, ३.५ टक्के मार्कअपच्या क्रेडिट कार्डावर तोच फ्रँक १११.४२ ला पडतो. रुपयांतून थेट फ्रँक, एकच उडी. फॉरेक्स कार्डात रुपयांतून युरो आणि युरोंतून फ्रँक अशा दोन उड्या होतात आणि दोन्हींवर पैसे लागतात. डॉलरचं कार्ड घेऊन थायलंड किंवा व्हिएतनामला जाणाऱ्यांचंही हेच होतं. कार्ड ज्या चलनाचं, त्याच चलनाच्या देशात ते वापरावं. बहुचलनी कार्ड (एकाच कार्डात प्रत्येक चलनाचं वेगळं पाकीट) असेल तर फ्रँकचं पाकीट वेगळं भरून घ्यावं. मात्र तिथेही एक अडचण आहे: फ्रँकच्या पाकिटातले पैसे बिलापेक्षा कमी असतील तर बरीच कार्डं उरलेल्या पाकिटांतून रक्कम ओढतात आणि क्रॉस करन्सी शुल्क लावतात, तर काही सरळ व्यवहार नाकारतात. आपलं कार्ड यातलं काय करतं हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावं.

आता पूर्ण प्रवास. इटलीत कार्डानं १,३०० युरो. रोख २०० युरो एटीएममधून दोन वेळा शंभर-शंभर काढले. दर वेळी यंत्रमालकाचे ४ युरो आणि कार्ड देणाऱ्याचे करासह २.३६ युरो, म्हणून कार्डातून २१२.७२ गेले. स्वित्झर्लंडमध्ये १,५०० फ्रँकच्या खरेदीसाठी १,६७१.२९ युरो. १०० फ्रँक रोख काढताना यंत्राचे ५ फ्रँक आणि कार्डाचं शुल्क धरून ११९.३५ युरो. बेरीज ३,३०३.३६. उरले सुमारे १९७ युरो. ते परत करताना बँक आपल्याकडून विकत घेण्याचा दर लावते. तो ९७.५० धरला तर १९,१७२ रुपये मिळतात, आणि या उलट बदलावरही किमान ४५ रुपये जीएसटी आहे.

एकूण खर्च ३,३८,६३८ रुपये. नेटवर्कच्या दरानं हा सगळा खर्च ३,२१,२०० रुपये होतो (१,५०० युरोंचे १,५०,००० आणि १,६०० फ्रँकांचे १,७१,२००). म्हणजे १७,४३८ रुपये, साधारण ५.४ टक्के, केवळ चलन बदलण्यात गेले. "शून्य मार्कअप" हे शब्द या कार्डाच्या एकाच थराबद्दल खरे होते.

फॉरेक्स कार्डाची बाजूही मांडायला हवी. त्याचा दर भरल्या दिवशी गोठतो. निघण्याआधीच्या तीन आठवड्यांत रुपया घसरला तर फायदा आपला, वधारला तर तोटाही आपला. खर्चाला आपोआप मर्यादा राहते, आणि ते आपल्या बचत खात्याला जोडलेलं नसतं, त्यामुळे हरवलं तरी खातं सुरक्षित असतं. फक्त युरो वापरणाऱ्या देशांत फिरायचं असेल आणि दरात घासाघीस करता येत असेल, तर ते चांगलंच साधन आहे. घासाघीस खरोखर होते. तीन ठिकाणी त्याच दुपारी दर विचारावा, तिसऱ्याला पहिल्या दोघांचे दर सांगावेत. १०२ ऐवजी १०१ मिळाला आणि कार्डाचं शुल्क माफ झालं तर युरो १०१.१२ च्या आसपास पडतो, आणि मग २ टक्के मार्कअपचं क्रेडिट कार्ड मागे पडतं.

साधं क्रेडिट कार्ड आणि इथून नेलेल्या नोटा

दुसरा पर्याय: सगळी खरेदी ४.१३ टक्क्यांच्या कार्डावर आणि रोख पुण्यातूनच नेलेली. नोटांचा विक्रीदर कार्डात भरण्याच्या दरापेक्षा जास्त असतो, कारण नोटा आणणं, साठवणं, विमा हे सगळं त्यात येतं. तो नेटवर्कच्या दरापेक्षा ३.५ टक्के वर धरू. २०० युरो २०,७०० अधिक ४५ रुपये कर, म्हणजे युरो १०३.७३ ला. १०० फ्रँक ११,०७५ अधिक ४५, म्हणजे फ्रँक १११.२० ला. खरेदीचे १,३५,३६९ आणि १,६७,१२९ रुपये मिळवले की बेरीज ३,३४,३६३. जादा खर्च १३,१६३ रुपये. कुणी शिफारस करणार नाही असं हे कार्ड एजंटाच्या बेतापेक्षा ४,२७५ रुपयांनी स्वस्त पडलं.

नोटा घेताना पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागतात. ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रकमेचं चलन रोख रुपये देऊन घेता येत नाही. एका प्रवासात बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्याच विदेशी नोटा नेता येतात. १० आणि २० च्या नोटा मागून घ्याव्यात. १०० युरोची नोट छोट्या दुकानात मोडून मिळत नाही.

शून्य मार्कअपचं कार्ड

तिसरा पर्याय: ज्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशी खरेदीला मार्कअप खरंच शून्य आहे ते. खरेदीचे १,३०,००० आणि १,६०,५०० रुपये, वर काही नाही. रोख रकमेसाठी डेबिट कार्ड, दर वेळी बँकेचे १५० रुपये आणि कर, म्हणजे १७७.

इथे रोखीचं गणित नीट पाहायला हवं. इटलीत एकदाच २०० युरो काढले तर यंत्राच्या ४ युरोंसह २०,४०० अधिक १७७, म्हणजे युरो १०२.८९ ला पडतो. नोटांपेक्षा स्वस्त. तेच २०० युरो ५०-५० करून चार वेळा काढले तर प्रत्येक वेळी ५,५७७ रुपये जातात आणि युरो १११.५४ ला पडतो. कार्ड तेच, शहर तेच, दर तोच. ठरावीक शुल्क लहान रकमेवर पसरलं की ते टक्क्यांत फार मोठं होतं.

फ्रँकच्या बाबतीत याच कारणानं उलटं घडतं. १०० फ्रँकच हवे आहेत आणि स्विस यंत्रानं ५ फ्रँक घेतले, तर ११,२३५ + १७७ = ११,४१२ रुपये होतात. पुण्यातून नेलेल्या नोटा ११,१२० ला. म्हणून या कुटुंबासाठी योग्य जुळणी अशी निघते: खरेदी शून्य मार्कअपच्या कार्डावर, युरो इटलीतल्या बँकेच्या यंत्रातून एकदाच, आणि १०० फ्रँकच्या नोटा पुण्यातून. एकूण ३,२२,१९७ रुपये. जादा खर्च ९९७.

१७,४३८ आणि ९९७. प्रवास तोच, जेवणं तीच.

फ्रँक मुळातच कमी घ्यावेत. स्वित्झर्लंडमध्ये अगदी लहान रकमेलाही कार्ड चालतं. पर्यटकांच्या ठिकाणी दुकानदार युरोच्या नोटा घेतात, पण दर त्यांचा असतो आणि सुटे पैसे फ्रँकमध्ये परत मिळतात. तो दर क्वचितच आपल्या फायद्याचा असतो. नाणी तर सहसा घेतच नाहीत.

क्रेडिट कार्डानं यंत्रातून रोख काढणं हा वेगळाच खड्डा आहे. रोख काढण्याचं शुल्क साधारण २.५ टक्के, पण किमान ५०० रुपये. वर मार्कअप, आणि व्याज काढल्या दिवसापासून. बिनव्याजी मुदत रोखीला लागू होत नाही. २०० युरो काढून २५ दिवसांनी बिल भरलं, व्याज महिना ३.५ टक्के, तर शुल्काचे करासह ५९०, मार्कअपचे ८२६, व्याजाचे करासह सुमारे ६७९ रुपये. युरो ११०.४७ ला पडला. मार्कअप शून्य असलेल्या क्रेडिट कार्डावरही यातले पहिले आणि तिसरे आकडे बहुधा तसेच राहतात.

यंत्र रुपयांत विचारतं तेव्हा

वरचा सगळा नीटनेटका बेत एका बटणानं बिघडतो. व्हेनिसच्या दुकानात कार्ड लावलं की यंत्र कार्डाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते भारतीय आहे हे ओळखतं आणि विचारतं: २०० युरो की २१,४०० रुपये? आपला ओळखीचा आकडा पाहून माणूस रुपये निवडतो. इथे चलनबदल व्हिसा-मास्टरकार्ड करत नाहीत. दुकानदाराच्या बँकेनं नेमलेली सेवा तो करते, दरात स्वतःचा नफा धरते आणि त्यातला काही हिस्सा दुकानदाराला मिळू शकतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी.

या उदाहरणात दर ७ टक्क्यांनी चढा धरला आहे. त्यात भर म्हणजे, व्यवहार रुपयांत झाला तरी दुकान परदेशात आहे म्हणून अनेक भारतीय बँका वेगळं शुल्क लावतात. ते १ टक्का धरलं तर करासह २५३ रुपये, एकूण २१,६५३. युरो १०८.२६ ला पडला. शून्य मार्कअपच्या कार्डाचा उपयोगच संपला, कारण बँकेच्या हाती चलन बदलण्याचं काम आलंच नाही.

युरोपीय संघात १९ एप्रिल २०२० पासून असा बदल देणाऱ्याला आपला नफा युरोपियन सेंट्रल बँकेच्या संदर्भदरापेक्षा किती टक्के वर आहे हे दाखवावं लागतं. म्हणून इटलीतल्या पडद्यावर किंवा पावतीवर बारीक अक्षरांत तो टक्का सापडतो. वाचावा. स्वित्झर्लंड संघात नाही, तो नियम तिथे लागू नाही, म्हणून इंटरलाकेनच्या यंत्रावर हा टक्का दिसेलच असं धरून चालू नये.

एटीएमवर प्रश्नाची भाषा फसवी असते. "कन्व्हर्जन स्वीकारा" आणि "कन्व्हर्जन नाकारा" अशी दोन बटणं येतात. नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं. तसं नाही. नाकारलं की व्यवहार युरोंत पुढे जातो आणि पैसे मिळतात. इटालियन पडद्यावर "सेन्झा कॉनव्हर्सिओने", जर्मन पडद्यावर "ओने उमरेखनुंग": दोन्हींचा अर्थ बदलाविना, आणि तेच दाबायचं. काही यंत्रं नाकारल्यावर "नक्की का?" असं पुन्हा विचारतात. पुन्हा नाकारावं. पर्यटकांच्या गर्दीत, दुकानांच्या भिंतींवर बसवलेली खासगी कंपन्यांची यंत्रं शुल्क आणि दर दोन्ही बाबतींत सहसा महाग असतात. बँकेच्या शाखेला लागून असलेलं यंत्र शोधावं. शिवाय कार्ड अडकलं तर आत माणूस असतो.

दुकानात यंत्र हातात घेऊनच पिन टाकावा. पडद्यावर आयएनआर (म्हणजे भारतीय रुपये) दिसलं तर थांबून "युरो प्लीज" म्हणावं. विक्रेत्यानं स्वतःच रुपये निवडले आणि पावती रुपयांत निघाली, तर तिथेच व्यवहार रद्द करून युरोंत पुन्हा करायला सांगावं. ग्राहकाला निवड देणं हे कार्ड-नेटवर्कच्या नियमांतच आहे. तो ऐकत नसेल तर पावतीवर निवड दिली नाही असं लिहून तिचा फोटो ठेवावा आणि बँकेकडे तक्रार नोंदवावी. हॉटेल सोडताना हे जास्त घडतं: कार्ड आधीच नोंदलेलं असतं, बिल रुपयांत तयार करून समोर ठेवलं जातं. समजा हॉटेलचं ६०० युरोंचं बिल असं रुपयांत भरलं, तर एका सहीत ४,२०० रुपये गेले. जादा खर्चाच्या ९९७ चे ५,१९७ होतात.

बारीक अक्षरांतलं

दर कार्ड लावल्या दिवसाचा लागतोच असं नाही. व्यवहार नेटवर्कवर पूर्ण होतो त्या दिवसाचा लागतो, आणि त्यात एक-दोन दिवस जातात. म्हणून मोबाइलवर आलेली रक्कम आणि स्टेटमेंटमधली रक्कम वेगळी दिसली तर लगेच घाबरू नये. पडताळणी सोपी आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर दर काढायची सोय आहे, तिथे बँकेच्या शुल्काचा टक्का भरायला चौकट असते. तिथे ० भरावा, व्यवहार पूर्ण झाल्याची तारीख घालावी आणि स्टेटमेंटशी ताडून पाहावं. पहिल्याच दिवशी २०-३० युरोंची एक खरेदी करून ही चाचणी घ्यावी. कॉफीच्या दीड युरोवर नको, एवढ्या लहान रकमेत फरक कळत नाही. रक्कम शून्य शुल्काच्या आकड्याशी जुळली तर कार्डाचं शून्य खरं. जुळली नाही तर उरलेल्या दहा दिवसांसाठी कार्ड बदलायला वेळ असतो.

रद्द केलेल्या खरेदीत गेलेला मार्कअप सहसा परत येत नाही. बोटीचं ८० युरोंचं तिकीट साध्या कार्डावर ८,३३० ला घेतलं, फेरी रद्द झाली, पैसे परत आले तेव्हा दर ९९ होता: ७,९२० मिळाले. सेवा न घेता ४१० रुपये गेले. रद्द होण्याची शक्यता असलेल्या गोष्टींना म्हणूनच शून्य मार्कअपचं कार्ड वापरावं.

हॉटेलची अनामत आणि भाड्याच्या गाडीची अनामत मात्र क्रेडिट कार्डावरच द्यावी, मार्कअप असला तरी. अनामत म्हणजे राखून ठेवलेली रक्कम. ती सुटली तर मार्कअप लागत नाही. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर तेच आपले खरे पैसे अडकतात आणि सुटायला बरेच दिवस लागू शकतात. प्रवासाच्या चौथ्या दिवशी कार्डात ३०० युरो असूनही चालत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

वार्षिक शुल्काचाही हिशेब करावा. २ टक्के मार्कअपच्या कार्डासाठी वर्षाला करासह २,९५० रुपये द्यायचे असतील, तर साध्या कार्डाच्या तुलनेत वाचतात १.७७ टक्के. म्हणजे परदेशात सुमारे १,६७,००० रुपये खर्च झाल्यावर ते शुल्क फिटतं. त्याच्या पॉइंटांची किंमत यात धरायची असेल तर परदेशी खर्चावर ते मिळतात का, आणि आपण ते खरोखर वापरतो का, एवढं पाहूनच धरावी.

टीसीएसबद्दल (परदेशी जाणाऱ्या रकमेवर आगाऊ घेतला जाणारा कर) बराच गोंधळ असतो. फॉरेक्स कार्ड, नोटा आणि परदेशात वापरलेलं डेबिट कार्ड हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे एलआरएसमध्ये मोजलं जातं. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नाही. या कुटुंबाला त्याची झळ नाही. पण त्याच वर्षी वडिलांच्या पॅनवर मोठी रक्कम परदेशी पाठवली असेल, तर चलन आईच्या नावे घ्यावं. परदेशात जाऊन क्रेडिट कार्डानं केलेला खर्च या योजनेत आणायचं २०२३ च्या मे महिन्यात ठरलं होतं, पण जूनअखेर ते पुढे ढकललं गेलं.

निघण्यापूर्वी

मार्च २०२० पासून नवीन कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू होऊन येतात. परदेशी वापर ॲपमधून आपणच चालू करायचा असतो, आणि दुकान, एटीएम, ऑनलाइन, स्पर्श करून पैसे देणं यांची बटणं वेगवेगळी असतात. चारही तपासावीत, मर्यादेसह. एटीएमची मर्यादा २०,००० रुपयांवर असेल तर २०० युरो अधिक शुल्क त्यात बसत नाही आणि यंत्र कारण न सांगता नकार देतं. क्रेडिट कार्डाचा पिन अनेकांनी कधी ठेवलेलाच नसतो. स्टेशनवरचं तिकीट यंत्र तो मागतं, सही चालत नाही. भारतीय सिम ओटीपीसाठी रोमिंगवर चालू असू द्यावं.

शून्य मार्कअपचं डेबिट कार्ड रोजच्या बचत खात्याला जोडलेलं नसावं. वेगळ्या खात्यात लागेल तेवढीच रक्कम ठेवावी आणि हवी तेव्हा मोबाइलवरून भर घालावी. एकावर विसंबू नये: शून्य मार्कअपचं एक, दुसऱ्या नेटवर्कचं एक क्रेडिट कार्ड, आणि तिसरं हॉटेलच्या तिजोरीत. आईच्या आणि वडिलांच्या पर्सचीही वाटणी करावी, दोन्ही कार्डं एकाच पर्समध्ये नकोत.

परतल्यावर फॉरेक्स कार्डात किंवा नोटांत काही उरलं असेल तर ते १८० दिवसांत बँकेला द्यायचं असतं. २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतचं चलन पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतं. वीस-तीस युरोंच्या नोटा ठेवून देणंच शहाणपणाचं, विकण्यात दर आणि किमान कर मिळून फार जातं. आणि परदेशी वापराचं बटण घरी पोचल्या दिवशी बंद केलं, तरी स्टेटमेंट पुढचे दोन महिने ओळ न ओळ पाहावं. हॉटेलच्या मिनीबारचं बिल, भाड्याच्या गाडीचा टोल किंवा दंड, उशिरा पूर्ण झालेला मेट्रोचा व्यवहार हे सगळं त्यानंतरच उगवतं.